नामिबियातली सिंगल बेल

आधीच सांगून ठेवतो, भुताखेताच्या वाटेला जाणारा माणूस मी नाही. सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढली. गोंदिया, गोरेगाव, कामठा, तिकडे खाली इटियाडोहपर्यंत... मुक्कामी गाड्या, जंगलातले रस्ते, पावसात बंद पडलेलं इंजिन, सगळं झालं. आमच्या रेस्ट रूममध्ये रोज कुणीतरी काहीतरी पाहून आलेलं असायचं. कुणाला चिंचेखाली बाई दिसायची, कुणाच्या गाडीबरोबर काळं कुत्रं पळायचं. मला कधी काही दिसलं नाही. एकदाच दिसलं होतं — रस्त्याच्या कडेला, पांढरं, हात हलवत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर खताचं पोतं बाभळीला अडकलेलं.

त्यामुळे लोकांच्या असल्या अनुभवांच्या या पानावर माझं नाव कधी येईल असं वाटलं नव्हतं. हे पान माझी मुलगी वैशाली वाचते. ती म्हणाली, बाबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते. म्हणून भाषा थोडी तिची आहे. झाडीपट्टीचा माणूस असं बोलत नाही, हे तुम्हाला कळेलच.

वैशाली नागपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पक्ष्यांचं वेड तिला माझ्याच गाडीत लागलं. लहानपणी सुट्टीत ती माझ्या शेजारी बॉनेटवर बसून फेऱ्या मारायची, आणि धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसली की मला गाडी हळू करायला लावायची. मी करायचो. पॅसेंजर मागून शिव्या घालायचे.

नामिबियाचं कित्येक वर्षांपासून तिच्या डोक्यात होतं. आफ्रिकेतला देश, माणसं कमी, जनावरं जास्त. तिथं म्हणे गाडी भाड्यानं मिळते, टपावर तंबू बांधलेला असतो, आणि आपली आपणच चालवत फिरायचं. गाईड नाही, ड्रायव्हर नाही. तिची एक मैत्रीण गाडी चालवणार होती. निघायला थोडे दिवस उरले असताना ती बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडून बसली. वैशालीला लायसन्स आहे, पण नागपूरच्या रिंगरोडपलीकडे तिनं कधी गाडी नेलेली नाही. तिनं मला फोन केला. मी सरळ नाही म्हणालो.

का नाही म्हणालो, तर थकलो होतो. ड्रायव्हरचा थकवा वेगळा असतो. तो झोपून जात नाही. डोळे मिटले तरी रस्ता चालूच राहतो. रिटायर झाल्यावर मी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. घरी मोटारसायकल आहे, तीसुद्धा पुतण्या चालवायचा आणि मी मागे बसायचो.

वैशालीची आई मात्र गप्प बसली नाही.

"अजी, पोरगी एकटी जाऊन राहिली, अन तुमी खाटेवर पडून का करून राहिले?"

"मी स्टेअरिंग सोडलं ना आता."

"मंग धरा."

विषय संपला.

दिवाळी झाल्यावर निघालो. विमानं बदलत बदलत विंडहोक नावाच्या त्यांच्या राजधानीत उतरलो, तिथं एक पांढरी मोठी पिकअप ताब्यात घेतली. पुढं दोन सीट, मागं बसायला बाक, त्यामागं फ्रिज, पाण्याचे कॅन, दोन स्टेपनी. गाडी देणाऱ्या माणसानं दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या — टायरमधली हवा कमी ठेवा, आणि अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. रस्त्यावर जनावर येतं.

तिथं गाडी डाव्याच बाजूनं चालते, त्यामुळे मला त्रास झाला नाही. त्रास दिला रस्त्यानं. मुरमाचा रस्ता, त्यावर पत्र्यासारख्या लहरी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगातलं हाडन् हाड वाजायचं. समोर रस्ता सरळ, इतका सरळ की शेवटाला तो पाण्यात बुडाल्यासारखा दिसायचा. तासन् तास समोरून गाडी नाही.

पाहिलं मात्र पुष्कळ. इटोशा म्हणून जंगल आहे, तिथल्या पाणवठ्यावर हत्ती आले की झेब्रे बाजूला सरकून उभे राहायचे, आमच्याकडे बँकेत साहेब आल्यावर लोक सरकतात तसे. आपल्या नीलपंखासारखाच एक पक्षी, पण छातीला जांभळा. आणि बाभळीच्या एका झाडावर सुगरणींनी गवताची अख्खी चाळ बांधली होती, गंजीएवढी मोठी, खालून सगळी भोकं भोकं. वैशाली दुर्बीण डोळ्याला लावून बसायची, नावं सांगायची. मी हो हो म्हणायचो. खरं सांगतो, बऱ्याच वेळा मी डोळे उघडे ठेवून झोपलेला असायचो.

वैशालीही थकलेलीच होती. कॉलेजात दोन माणसांचं काम तिच्या एकटीवर आलं होतं, तिचं बोलणं कमी झालं होतं, जेवण अर्धं टाकायची. इथं आल्यावर हसेल असं मला वाटलं होतं. हसली, पण पक्ष्यांकडं बघून. माझ्याशी बोलताना तोच बारीक आवाज.

ज्या दिवसाचं सांगायचं आहे त्या दिवशी आम्ही देशाच्या वायव्येला होतो. तिथं जंगलही नाही, वाळवंटही नाही. तांबडे दगड आणि तांबड्या टेकड्या. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. मधून कोरडे नाले. वैशालीला तिथला एक पक्षी बघायचा होता, कोरहान म्हणतात त्याला. आपल्या तणमोराच्या भावकीतला, दगडाच्याच रंगाचा. तो दिसलाच नाही. दिवसभर मी गाडी हळू चालवली, ती खिडकीतून बघत राहिली. ऊन कलायला लागलं तसं मी म्हणालो, चल, आता सरळ कॅम्प.  तिनं दुर्बीण मांडीवर ठेवली आणि डोकं मागं टेकलं.

इथं मला एसटीबद्दल थोडं सांगावं लागेल. आता सगळ्या गाड्यांत नसते, पण आमच्या काळात गाडीच्या छताला आतून एक दोरी असायची, आणि दोरीच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्याजवळ पितळी घंटी. कंडक्टरनं एकदा ओढली की सिंगल बेल — थांबा, कुणीतरी उतरणार आहे किंवा चढणार आहे. दोनदा ओढली की डबल — चला. ड्रायव्हर मागं वळून बघत नाही. त्याचं काम समोर. मागचं सगळं त्या घंटीवर.

तर गाडी चालली होती. काचा बंद, एसी चालू. आणि माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला वर, टण... एकदाच.

माझा पाय ब्रेकवर गेला. विचार करून नाही. गाडी मुरमावर थोडी घसरली आणि थांबली, आमची धूळ आमच्याच पुढं निघून गेली. वैशालीचं डोकं पुढं आदळता आदळता राहिलं.

"काय झालं? जनावर होतं?"

"नाही."

"मग?"

मी छताकडं बघत होतो. छत म्हणजे राखाडी कापड, एक छोटा दिवा. बाकी काही नाही.

"बेल झाली," मी म्हणालो.

तिनं आधी सीटबेल्ट पाहिला. मग दार नीट लागलंय का ते पाहिलं. गाडीच्या बोर्डावर कसलाही दिवा लागलेला नव्हता. ती उतरली, मागचा फ्रिज पाहिला, टायर पाहिले, परत येऊन बसली.

"काही नाही बाबा. चला आता."

मी चावी फिरवली, इंजिन सुरू केलं. गिअर टाकायला हात गेला आणि तिथंच थांबला. कसं सांगू... सिंगलनंतर डबल येत नाही तोवर गाडी हलत नाही. मागं कुणी एक पाय पायरीवर ठेवून लटकत असेल. हे मला कुणी शिकवावं लागत नाही, ते हातातच आहे. मी इंजिन बंद केलं.

"बाबा?"

"थोडं थांबू."

"कशासाठी? कॅम्प अजून लांब आहे. अंधार होईल. तो गाडीवाला काय म्हणाला होता?"

"थांबू थोडं बेटा."

तिनं माझ्या कपाळाला हात लावला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, हात वर करून दाखवा, दोन्ही. हसून दाखवा. पूर्ण वाक्य बोला. मला कळलं, तिला वाटत होतं मला लकवा मारला. मी हात वर केले. हसायचा प्रयत्न केला. वाक्य बोललो — "मी बरा आहे, पण गाडी काढणार नाही." ती रडायलाच लागली.

"मला आता सहन होत नाही बाबा. कुणीच माझं ऐकत नाही. उतरा तुम्ही, मी चालवते."

"डबल झाली नाही अजून."

"कुठली डबल! कोण मारणार आहे इथं डबल? आहे कोण इथं?"

तिचं बरोबर होतं. चारी बाजूंना दगड. वारा पडलेला. मी तिच्या जागी असतो तर मीही बापाला ओढून काढलं असतं. तिनं ओढलंही, दंडाला धरून. पण मी इतका थकलो होतो की तिच्याशी वाद घालायचं बळ नव्हतं आणि उतरायचंही नव्हतं. मी स्टेअरिंगला दोन्ही हात लावून बसून राहिलो. ती दार आपटून बाहेर गेली आणि गाडीला पाठ लावून उभी राहिली.

किती वेळ गेला ते आम्ही दोघंही आज वेगवेगळं सांगतो. सावल्या रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या, एवढं मला आठवतं.

मग वैशालीची हाक आली. "बाबा... बाबा, इकडं या."

नाल्याच्या बाजूनं एक माणूस येत होता. आधी मला वाटलं दारू प्यायलेला आहे. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, मान वाकडी करून कान लावायचा, परत दोन पावलं. जवळ आला तेव्हा दिसलं — गोरा म्हातारा, माझ्याहून वयानं मोठा. गळ्यात दुर्बीण. डोक्यावर टोपी नव्हती, शर्टच काढून गुंडाळला होता. ओठ फुटून काळे झालेले. अंग भाजल्यासारखं लाल.

आमची गाडी त्याला दिसली, पण तो गाडीकडं बघतच नव्हता. आमच्या मागं, आजूबाजूला बघत होता. आणि त्यानं इंग्रजीत जे पहिलं वाक्य विचारलं ते मलासुद्धा कळलं.

"तुमच्या बकऱ्या कुठं आहेत?"

वैशालीनं त्याला धरलं. मी पाणी आणलं, टोपणानं पाजलं, एकदम दिलं नाही. उन्हाळ्यात आमच्या गाडीत माणसं पडायची, तेवढं माहीत आहे. थोडा शुद्धीवर आल्यावर तो तुटक तुटक बोलला आणि वैशाली मला सांगत गेली. नाव पीट. शेजारच्या देशातला, रिटायर मास्तर. एकटाच फिरत होता, पक्षी बघायला. आदल्या दिवशी सकाळी त्याला तोच पक्षी दिसला, कोरहान, पिल्लाबरोबर. गाडी नाल्यात उभी करून तो त्याच्या मागं चालत गेला. थोडंसंच. परत वळला तर टेकड्या सगळ्या सारख्या. गाडी सापडेना. रात्र एका दगडाच्या आडोशाला काढली. आज सकाळपासून चालला, आणि दुपारनंतर एका जागी बसला. तो म्हणाला, मी उठणार नव्हतो. झालं होतं माझं.

"मग कसे उठलात?" वैशालीनं विचारलं.

"घंटी वाजत होती," तो म्हणाला. "बकरीच्या गळ्यातली असते तशी. हळूहळू, पण थांबत नव्हती. बकऱ्या आहेत म्हणजे माणूस असणार. म्हणून आवाजाच्या दिशेनं आलो." आणि परत त्यानं आजूबाजूला पाहिलं. "मोठा कळप असेल ना?"

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.  अंगावर काटा वगैरे काही आला नाही. मी फूटबोर्डवर बसलो.

त्याला आम्ही मागच्या बाकावर घेतलं. त्याचा पाय उचलत नव्हता, वैशालीनं खालून आधार दिला, मी वरून ओढला. तो आडवा झाला, मी पुढं येऊन बसलो. वैशालीनं मागचं दार लावलं, येऊन माझ्या शेजारी बसली, तिचं दार लावलं. आणि गाडी चालायला लागली. मी चालवली असंच म्हणावं लागेल, हात माझे होते, पाय माझे होते. पण चावी कधी फिरवली, गिअर कधी टाकला, मला माहीत नाही.

थोडं पुढं गेल्यावर वैशाली अगदी हळू म्हणाली, "बाबा, आता मी ऐकली."

"काय ऐकली?"

"दोनदा झाली. दार लावल्याबरोबर. टण टण."

मी ऐकली नव्हती.

कॅम्पला पोचलो तेव्हा अंधार पडायच्या बेतात होता. तिथं नर्स होती, तिनं म्हाताऱ्याला सलाईन लावलं. अजून एक रात्र निघाली नसती, असं तिनं वैशालीला सांगितलं. सकाळी तिथले लोक जाऊन त्याची गाडी शोधून घेऊन आले. वैशालीनं त्यांना विचारलं, त्या बाजूला बकऱ्या चरायला नेतात का? ते म्हणाले, दुष्काळ पडल्यापासून तिकडं कुणी जनावर नेत नाही, खायला काय आहे तिथं.

मी सगळं तपासून पाहिलं, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. गाडी परत करताना गाडीवाल्याला विचारलं, या गाडीत घंटीसारखा आवाज करणारं काही आहे का. त्यानं बेल्टचा आवाज वाजवून दाखवला. टीं टीं टीं, मोबाइलसारखा. तो नव्हे. गोंदियाला आल्यावर कानाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी मशीन लावलं आणि म्हणाले, इतकी वर्षं इंजिनजवळ बसलात, कानात आवाज येऊ शकतात. ठीक आहे, माझ्या कानात येऊ शकतात. पण म्हातारा कुठं इंजिनजवळ बसला होता? आणि वैशाली? ती म्हणते, मी रडलेली होते, घाबरलेली होते, तुम्ही सारखं बेल बेल करत होता म्हणून मला भास झाला असेल. असेल. ती शिकलेली आहे, तिचं मी खोडत नाही. पण ती हे सांगताना माझ्याकडं बघत नाही.

आता तुम्ही म्हणाल, माझा जुना कंडक्टर वारला असेल आणि तोच... नाही. गोष्टीत तसं बरं दिसलं असतं. माझा कंडक्टर बिसेन जिवंत आहे. गोरेगावला राहतो, गुडघ्यांनी त्रासलेला आहे. नोकरीतला अर्धा काळ मी त्याच्याबरोबर काढला. आल्यावर बाजाराच्या दिवशी गेलो त्याच्याकडं. बाहेर मोटारसायकली आणि भाजीवाल्यांचा गोंगाट, आत तो खाटेवर पाय लांब करून तेल चोळत बसला होता. सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही थांबवलं नाही.

"तू वाजवली का रे?" मी हसत विचारलं. म्हणजे हसायचा प्रयत्न केला.

"मी कायले वाजवू? मी तर अठी खाटेवर पडून राहिलो असन." मग थोडा वेळ तेल चोळत राहिला. "म्हाताऱ्याले चढाले वेळ लागला?"

"लागला. पाय उचलत नव्हता त्याचा."

"अन डबल कवा झाली? तो चढत होता तवा, का बसल्यावर?"

"पोरगी म्हणते, बसल्यावर. दार लागल्यावर."

बिसेननं मान हलवली. तेलाची वाटी खाली ठेवली.

"मंग कोनी का असंना," तो म्हणाला, "त्याले काम येत होतं."

"पन कोन?"

त्यानं खांदे उडवले आणि आतल्या बाजूला वळून सुनेला चहा टाकायला सांगितला.  त्याला आणखी काही माहीत नव्हतं. मलाही नाही, आजपर्यंत.